उत्तर फिरंगाणात एक दिवस

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने आपण शिकवितो ती स्थळे पाहिलेलीच असतात, असे कोणी समजू नये. इंदूरच्या एका माध्यमिक शाळेत मी गेली अठ्ठावीस वर्षे हा विषय शिकवीत आलो आहे. त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून. या अवधीत वसईची मोहीम किती वर्गांना सांगितली, याची गणती मजजवळ नाही. इ. स. १७३९, चिमाजीअप्पा, सेंट सेबॅस्टियनचा बुरुज, सुरुंग, आणि किल्ला हाती लागण्याचे चिन्ह दिसेना तेव्हा निदान माझे शीर तरी तोफेच्या तोंडी देऊन आत उडवा असे अप्पांनी सरदारांना सांगितल्याची ती परंपरागत कथा. कथेच्या ठरावीक जागी माझा आवाज दर वर्षी चढे आणि वर्ग दर वर्षी स्तब्ध होई. इंदूरच्या मुलाला वसई परकी वाटू नये म्हणून मल्हारराव होळकरांचे नाव पुरेसे असे. भोपाळची मोहीम आटोपल्यावर मल्हारराव आणि राणोजी शिंदे चिमाजीअप्पांच्या मदतीस कोकणात उतरले. म्हणजे त्या विजयात माळव्याचाही वाटा आहे, हे सांगताना मलाही थोडे बरे वाटत असे.

परंतु त्या तटाच्या आत काय होते, कोण राहत होते, याविषयी माझ्या टाचणात एकच ओळ होती: पोर्तुगीजांनी रयतेवर धार्मिक जुलूम केला. ही ओळ खोटी नाही, आणि पुढे मी ती खोडणारही नाही. मात्र दोनशे पाच वर्षे जेथे एक शहर नांदले, तेथील सगळा संसार एका ओळीत उरकून आपण थेट सुरुंगाला बत्ती देतो, ही गोष्ट गेल्या हिवाळ्यात वसईस जाऊन येईपर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती.

इंदूरहून मुंबईस जाणाऱ्या गाडीने पहाटे बोरिवलीस उतरलो आणि तेथून लोकलने उलट दिशेने वसईस आलो. माझ्या धाकट्या बंधूंच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे वडील वसईचेच. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, धर्माने कॅथलिक. त्यांना मी लगोलग गुरुजी म्हणू लागलो आणि ते मला सर म्हणू लागले. दोन मास्तरांची ओळख व्हायला याहून अधिक काही लागत नाही. स्टेशनापासून किल्ल्याकडे जाणारा रस्ता दाट वस्तीतून काढता काढता केळीच्या आणि नारळीच्या वाड्यांत शिरला. एका अंगणात तुळशीवृंदावन, तर शेजारच्या अंगणात पांढरा क्रूस. गुरुजी घरी फोनवर बोलले ती भाषा मला अर्धीच कळली. ती सामवेदी बोली, कादोडी असेही तिला म्हणतात. वसईतील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी कॅथलिक या दोघांचीही ती घरची बोली आहे. धर्म दोन झाले, पण चुलीजवळची भाषा एकच राहिली, हे गुरुजींनी अगदी सहज सांगितले. मला मात्र त्यावर बराच वेळ विचार करावा लागला.

किल्ला म्हटल्यावर आम्हा घाटावरच्या लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. वसईचा किल्ला सपाटीवर आहे, तीन बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेला. एक दरवाजा जमिनीकडे, दुसरा बंदराकडे. आत शिरल्यावर जे दिसते त्याला किल्ला म्हणण्यापेक्षा उजाड झालेले शहर म्हणणे अधिक योग्य. झाडाझुडपांतून वाट काढीत जावे तो एकदम समोर भली उंच भिंत उभी राहते. तिला कमान आहे, कोनाडे आहेत, खिडक्या आहेत, फक्त छप्पर नाही आणि मागे काही नाही. अशा भिंती एक नव्हे, अनेक. येशूसंघीयांचे चर्च, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी चर्च आणि त्याला लागून मठ, डॉमिनिकनांचा मठ, शिवाय सेंट जोसेफचे मुख्य चर्च, ज्याचा मनोरा अद्याप उभा आहे. मधूनच चिमाजीअप्पांचा पुतळा लागतो आणि मराठी अमलातील देवळेही लागतात. सगळे एकाच आवारात.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये मी बराच वेळ रेंगाळलो. तेथील फरसबंदी म्हणजे थडग्यांचे दगड. घराण्यांची चिन्हे कोरलेले, पोर्तुगीज अक्षरांनी भरलेले, काही पावसाने झिजून गुळगुळीत झालेले. चालताना पाय कोठे ठेवावा हे कळेना. वर आकाश, खाली ही नावे. फादर आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कनाने सोळाव्या शतकाच्या मध्यास या भागात आपल्या संघाचा पाया घातला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

सेंट जोसेफ चर्चच्या जीर्णोद्धाराचा दगड इ. स. १६०१ चा आहे. आर्चबिशप मेनेझिस यांच्या कारकिर्दीत हे चर्च पुन्हा बांधले गेले. हा आकडा वाचून मी थांबलो, कारण १६०१ साली वसईचा राजा पोर्तुगीज नव्हता, स्पॅनिश होता. आपल्याकडील पाठ्यपुस्तके ही बाब सहसा सांगत नाहीत. पोर्तुगालचे राजघराणे निर्वंश झाल्यावर स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने इ. स. १५८० मध्ये त्या देशावर हक्क सांगितला, सैन्य घातले, आणि पुढील वर्षी तोमार येथे पोर्तुगीज सरदारांनी त्याला राजा मानले. त्याने शब्द दिला तो असा की पोर्तुगालचा कारभार आणि त्याच्या वसाहती वेगळ्याच राहतील, अधिकारी पोर्तुगीजच असतील. म्हणून गोव्यात किंवा वसईत स्पॅनिश अधिकारी आले नाहीत. परंतु १६४० पर्यंत, साठ वर्षे, वसईच्या तटावरील निशाणाचा धनी आणि मेक्सिको, पेरू, मनिला येथील निशाणांचा धनी एकच होता.

मिशन हा शब्द आपण शाळा आणि दवाखाने यांच्याशी जोडून वापरतो. स्पेनच्या अमेरिकेतील मिशनचा अर्थ याहून व्यापक होता. चर्च, त्याला लागून चौक आणि भोवती धर्मगुरूंच्या खोल्या, पाठशाळा, कारखाने, फळबाग, शेत, आणि हाकेच्या अंतरावर सैनिकांची चौकी: असे ते एक अख्खे गाव असे. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात फ्रान्सिस्कनांनी अशी एकवीस मिशने उभारली. तेथे मिशन आधी जाई आणि राज्य त्याच्या पाठोपाठ पक्के होई. वसईत क्रम उलटा. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. राज्य आधी आले, तट आला, आणि तटाच्या आत मिशने वाढली. येशूसंघीयांनी १५४८ च्या सुमारास पाय रोवला; सेंट फ्रान्सिस झेवियर स्वतः येथे येऊन गेला होता. डॉमिनिकनांचे चर्च १५८३ चे, म्हणजे स्पॅनिश राजाच्या अमलातले. वसई ही उत्तर फिरंगाणाची राजधानी. चौलपासून दमणपर्यंतच्या मुलखाचा सेनापती येथे राहत असे. आपल्या जुन्या कागदांतून येणारा फिरंगाण हा शब्द मला फार आवडतो. त्यात परकेपणा आहे, पण शेजाराचीही ओळख आहे.

येशूसंघीयांच्या चर्चची दर्शनी भिंत या सर्व अवशेषांत सर्वांत डौलदार. तिच्यासमोर उभे राहून गुरुजींनी विचारले, सर, आपल्याकडे गोन्सालो गार्सियाविषयी काही शिकवितात का? नाही म्हणताना मला संकोच वाटला. नाव मी ऐकले होते, कारण वसईत त्या नावाचे महाविद्यालय आहे. त्यापलीकडे मला काहीही ठाऊक नव्हते. पुढची हकीकत मी घरी परतल्यावर ग्रंथांवरून पडताळून घेतली आहे.

गोन्सालोचा जन्म वसईत, इ. स. १५५६-५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. ज्या भिंतीसमोर आम्ही उभे होतो त्या संस्थेच्या पाठशाळेत तो शिकला. फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस हे त्याचे गुरू. १५७२ साली, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो गुरूंबरोबर जपानला गेला. पोराने जपानी भाषा अशी आत्मसात केली की काही वर्षांत तो तेथील लोकांना त्यांच्याच भाषेत धर्मोपदेश करू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने येशूसंघीयांच्या हाताखाली काम केले. त्याची एकच इच्छा होती: संघात रीतसर प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. त्या काळी पौर्वात्य रक्ताच्या माणसाला संघात घेण्याविषयी धर्मसंघांची फारशी तयारी नसे, आणि गोन्सालोची आई वसईची होती. ज्या पाठशाळेने त्याला घडविले तिच्या मालकांनी त्याला उंबरठ्यावर ठेवले, घरात घेतले नाही. येथे मला शिक्षक म्हणून थोडे थांबावेसे वाटते. मुलाला वाढवावे, त्याच्याकडून काम घ्यावे, आणि बरोबरीच्या जागेचा प्रश्न आला की त्याचे कूळ विचारावे, ही रीत केवळ फिरंग्यांची होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

गोन्सालोने मग व्यापार धरला. जपानी भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. धंदा चांगला चालला. पण मन रमले नाही. तो मनिलास गेला. फिलिपाईन्स हा स्पेनचा प्रत्यक्ष मुलूख, आणि तेथे अनवाणी राहणाऱ्या स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचे मिशन होते. येशूसंघीयांनी ज्याला नाकारले त्याला या मिशनने धर्मबंधू म्हणून स्वीकारले. १५८८ साली त्याने तेथे व्रत घेतले. गुरू नव्हे, केवळ बंधू. मिस्सा सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. परंतु मनिलातील साऱ्या मिशनात जपानी बोलू शकणारा असा माणूस दुसरा नव्हता.

यानंतर जे घडले ते समजण्यासाठी मघाचा तोमारचा करार आठवावा लागतो. राजा एक, पण राज्ये दोन. आणि जपान कोणाच्या वाट्याचे, यावर भांडण. पोर्तुगीज येशूसंघीय म्हणत, जपान आमचे. १५८५ साली पोपनेही तसेच आज्ञापत्र दिले होते. मनिलाचे फ्रान्सिस्कन म्हणत, ओसाड पडलेल्या शेतात नांगर घालायला परवानगी कशाला? १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सर्वसत्ताधारी हिदेयोशी याजकडे वकिलात पाठविली. वकील म्हणून गेले फ्रान्सिस्कन पेद्रो बाप्तिस्ता, आणि दुभाषी म्हणून गेला वसईचा गोन्सालो. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना हद्दपारीचा हुकूम काढलेला होता. तरी ही वकिलात त्याने ठेवून घेतली. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला, महारोग्यांसाठी रुग्णालये काढली. दरबारात स्पॅनिश राजाच्या वतीने जे शब्द बोलले गेले ते वसईच्या या मुलाच्या तोंडून बोलले गेले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे मनिलाहून मेक्सिकोस निघालेले स्पॅनिश गलबत वादळाने जपानच्या किनाऱ्यावर आपटले. आत माल अपार. तो जप्त झाला. आधी पाद्री येतात आणि मागून सैन्य येते, असे त्या गलबतावरील सुकाणूदार बोलून गेला असे सांगतात. खरे-खोटे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि फ्रान्सिस्कन व येशूसंघीय यांनी या प्रकरणाचे खापर पुढे अनेक वर्षे एकमेकांवर फोडले. परिणाम मात्र निश्चित आहे. सव्वीस माणसे पकडली गेली. त्यांच्या कानाच्या पाळ्या कापून त्यांना क्योतोतून फिरविले, आणि ऐन थंडीत महिनाभर चालवीत नागासाकीस नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश होते, एक मेक्सिकोत जन्मलेला होता आणि एक वसईचा. १८६२ मध्ये पोप नववा पायस याने या सर्वांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत तो हाच.

मेक्सिकोतील क्वेर्नावाका या गावी फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकात उभारलेले मिशन आहे. आज ते तेथील मुख्य चर्च आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याच्या जीर्णोद्धाराच्या वेळी भिंतींवरील चुन्याचे थर काढले, तेव्हा खाली जुनी भित्तिचित्रे सापडली. विषय कोणता, तर नागासाकीचे सव्वीस हुतात्मे: नावांतून चाललेले, गाड्यांत बसविलेले, क्रूसांवर चढविलेले. पृथ्वीच्या त्या टोकाला स्पॅनिश मिशनच्या भिंतीवर ज्यांची हकीकत रंगविली गेली त्यांत वसईचा एक मुलगा आहे. नागासाकीतही १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीस, सव्वीस पुतळ्यांचे स्मारक उभारले गेले. जपानी मुलांना तो ठाऊक आहे, मेक्सिकोत तो भिंतीवर आहे, आणि चिमाजीअप्पांची मोहीम अठ्ठावीस वर्षे शिकविणाऱ्या इंदूरच्या मास्तराला तो ठाऊक नव्हता.

आता आंतोनियो दो पोर्तोचे राहिलेले सांगितले पाहिजे. नाहीतर एका ओळीच्या जागी दुसरी ओळ लिहिल्यासारखे होईल. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यांत या फ्रान्सिस्कनाने चर्च केले. शिवमूर्तींपुढे भिंत घातली आणि लेण्याच्या डोक्यावर मठ बांधला. वसई परिसरात किती देवळे पाडली याची नोंद धर्मगुरूंनी स्वतःच अभिमानाने करून ठेवली आहे. अनाथ हिंदू मुले धर्मगुरूंच्या स्वाधीन करण्याचा कायदा १५५९ साली झाला. इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० पासून होते, आणि हिंदूंच्या उघड विधींवर बंदी होती. गंगाजी नाईक अंजूरकरांसारखी माणसे पेशव्यांकडे खेपा घालीत होती ती उगाच नव्हे. साष्टीच्या बखरीत ही सारी तळमळ आहे. त्या बखरीचा लेखक आणि गोन्सालो हे एकाच मातीचे, आणि दोघांचीही हकीकत खरी. हे दोन कागद एका फाईलीत लावणे अवघड जाते, म्हणून आपण एक कागद काढून टाकतो.

मंडपेश्वरापुढे घातलेली ती भिंत पुढे पडली, लेणे पुन्हा शिवाचे झाले. वसई मात्र पुन्हा तशी झाली नाही. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला आणि २३ मे रोजी किल्ल्यावर मराठ्यांचे निशाण चढले. या करारातील कलमे मी वर्गात कधी वाचून दाखविली नव्हती. शिबंदीला हत्यारांसह, वाद्ये वाजवीत, निशाणे उभारून बाहेर पडू द्यावे. आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. मराठ्यांचे पाच हजारांवर माणूस या वेढ्यात मेले वा जखमी झाले होते. एवढे रक्त सांडल्यावर हातात आलेल्या शहराशी असा करार करणे हा माझ्या मते त्या मोहिमेतील सर्वांत मोठा पराक्रम आहे. तोफेतून शीर उडविण्याच्या कथेपेक्षा मुलांना ही कलमे आधी सांगितली पाहिजेत.

फिदाल्गो गेले, मठ ओस पडले. कोळी, कुपारी, वाडवळ मागे राहिले, कारण त्यांना जायला दुसरे गाव नव्हते. पुढे इंग्रजांनी १७८० मध्ये वसई घेतली, सालबाईच्या तहाने परत केली, आणि १८०२ साली याच गावी मराठी राज्याच्या गळ्याला फास बसला. तोही आमच्या इंदूरच्या धन्यांमुळे! २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या रणात यशवंतराव होळकरांनी पेशव्यांची फौज मोडली, दुसरा बाजीराव पळाला तो वसईस आला, आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. मल्हाररावांनी वसई मिळविण्यास हात लावला आणि यशवंतरावांनी बाजीरावाला तेथवर पिटाळले. माळव्याचा वसईशी संबंध असा दुहेरी आहे. एकाचाच अभिमान बाळगून भागत नाही.

दुपारी गुरुजींच्या घरी जेवलो. घरात सुवार्ता मासिकाचे जुने अंक होते, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल. दिब्रिटो वसईचेच. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री आणि मराठी संमेलनाचा अध्यक्ष, हे कसे, असे विचारणारे लोक निघाले. इंदूरलाही निघाले, आमच्याच वाचनालयात मी ते ऐकले आहे आणि तेव्हा गप्प बसलो आहे. २००१ साली इंदूरला संमेलन भरले त्या वेळी बृहन्महाराष्ट्रातील आम्हा लोकांचा केवढा आग्रह होता की महाराष्ट्राबाहेर राहूनही आम्ही तेवढेच मराठी! तोच न्याय दुसऱ्याला द्यायची वेळ आली की आमची जीभ अडखळते. १६१६ साली, स्पॅनिश राजाच्याच अमलात, फादर स्टीफन्सने गोव्यात राचोल येथे मराठीत ख्रिस्तपुराण छापले. म्हणजे मराठी काव्य छापखान्यातून बाहेर पडले ते मिशनच्या छापखान्यातून. आम्ही मराठीचे मास्तर हे परीक्षेपुरते सांगतो आणि पुढे जातो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सही करून पगार घेतो, कपाटाची चावी फिरवितो, मधल्या सुट्टीत पाव-बटाटा खातो. हे चारही शब्द फिरंगाणातून आले आहेत.

निघताना सेंट जोसेफच्या मनोऱ्याकडे पुन्हा पाहिले. मनोरा आहे, घंटा नाही. वसई मुलखातल्या चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून मराठे घेऊन गेले आणि महाराष्ट्रातील देवळांत त्या टांगल्या गेल्या: भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीस एक आहे. नाशिकची तर प्रसिद्धच. परतीची वाट मी नाशिकवरून धरली ती तिच्यासाठीच.

गोदावरीच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे देऊळ आहे. नारोशंकराची घंटा म्हणून नाशिककर जिला ओळखतात ती त्याच्या तटावर, नदीकडे तोंड करून टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मी मनाशी हिशेब केला: गोन्सालो वसई सोडून गेला त्यानंतर एकशे एकोणपन्नास वर्षांनी ही ओतली गेली, फिरंग्यांकडे ती फार तर अठरा वर्षे वाजली, आणि देवळात टांगून तिला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली.

घाटावर कोणत्याशा शाळेची सहल आली होती. तरुण शिक्षक घंटेकडे बोट दाखवून मुलांना सांगत होते. वसई, चिमाजीअप्पा, सुरुंग. ठरावीक जागी त्यांचा आवाज चढला आणि मुले स्तब्ध झाली. सांगून झाल्यावर मी पुढे होऊन माझी ओळख करून दिली, आणि ज्या गावची ही घंटा तेथल्या एका मुलाची हकीकत ऐकता का, असे विचारले. त्यांनी आदराने हो म्हटले, मुलांना पायऱ्यांवर बसविले. मी आरंभ केला. गोन्सालो मनिलापर्यंत पोहोचला होता, इतक्यात त्यांच्या बसवाल्याने भोंगा वाजविला. उरलेली हकीकत त्या शिक्षकांना पत्राने कळवायची कबूल केले आहे. त्यांचा पत्ता माझ्या वहीत आहे.